काचेपलीकडचे आणि कपाटातले

डिसेंबर उजाडला की शाळांच्या सहली निघतात आणि मुंबईच्या सहलीत ‘म्युझियम’ हमखास असते. गेट वे ऑफ इंडिया झाले, जेवणाचे डबे उघडायला अजून अवकाश आहे, मग मधल्या दीड तासात म्युझियम. दोन-दोनच्या रांगा, पुढे एक शिक्षक, मागे एक. ‘हात लावू नका’, ‘पुढे सरका’, ‘मोबाइल आत ठेव’. मीही पुष्कळ वर्षे अशा रांगेच्या शेवटी चालत आलो आहे, तेव्हा पुढे जी टीका करणार आहे तिचा पहिला वाटा माझाच.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या (म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या) प्राणिविभागात रांग शिरली की एक प्रश्न येतोच. कधी पाचवीतल्या मुलाकडून, कधी दहावीतल्या. “सर, हे खरे आहेत का?” आपण बहुधा “हो, खरे आहेत, पेंढा भरलेले” असे म्हणून पुढे सरकतो. प्रश्न याहून बऱ्याच चांगल्या उत्तराच्या लायकीचा आहे. गव्याचे कातडे खरे, डोळे काचेचे. गवत खोटे, मागचे रान रंगवलेले. आणि तो गवा नेमका कुठला, कधीचा, कोणी आणला? या माहितीवाचून त्याला ‘खरा’ म्हणायचे ते कशाच्या आधारावर? सगळे संग्रहालयशास्त्र या प्रश्नाभोवती फिरते आणि मुलाने तो दाराशीच विचारलेला असतो.

या विभागातले देखावे मला आवडतात, हे आधी कबूल करतो. रोहित पक्ष्यांचा थवा, महाधनेशाचे घरटे, गवा, वाघ यांच्यासमोर मुले थबकतात आणि आपली ओढाताण निष्फळ ठरते. प्राणी त्याच्या परिसरासह मांडण्याची ही पद्धत अमेरिकेत कार्ल एकली याने १८९० च्या सुमारास रूढ केली. त्याआधीच्या संग्रहालयांत प्राणी फळीवर ओळीने उभे असत, दुकानात बरण्या मांडाव्यात तसे. मुंबईत ही पद्धत आणण्याचे श्रेय मुख्यतः एस. एच. प्रेटर यांना जाते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) ते अभिरक्षक होते. १९२० च्या दशकात त्यांनी परदेशी संग्रहालयांतली तंत्रे पाहिली आणि इथे उभी केली. त्याच विभागात १९२६ साली एक तरुण मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून लागला. शाळकरी मुलांना हे प्राणी-पक्षी दाखवून समजावणे हे त्याचे काम. त्याचे नाव सालिम अली. पुढे ते रजा घेऊन बर्लिनला श्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले आणि परतले तेव्हा ती जागाच रद्द झालेली होती. मुलांना समजावून सांगणाऱ्या माणसाची नोकरी पैशाअभावी सर्वांत आधी जाते, हे त्या काळातही खरे होते.

देखाव्याची अडचण अशी की तो उत्तर आधी देतो आणि प्रश्न विचारू देत नाही. पाणवठा, संध्याकाळ, मादी, पिल्लू, सगळे जागच्या जागी. ही एक गोष्ट आहे, आणि ती चांगली रचलेली आहे. पण देखाव्यातला नर कदाचित एका जिल्ह्यातला असेल, मादी दुसऱ्या, आणि दोघांच्या मृत्यूमध्ये दहा वर्षांचे अंतरही असू शकेल. देखाव्यासमोरच्या पाटीवर सहसा नाव, खाद्य, आढळ एवढेच असते. वैज्ञानिकाला लागणारी माहिती, म्हणजे ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, मोजमापे, ही देखाव्याच्या सौंदर्यात अडथळा आणते म्हणून मागे ठेवली जाते. मुलाला वाटते की वाघ म्हणजे हा वाघ. अभ्यासकाला मात्र एक वाघ कधीच पुरत नाही.

अभ्यासकाला लागणारा नमुना दिसायला अगदी बापुडवाणा असतो. पक्ष्याचे कातडे काढून आत कापूस भरतात, पोट शिवतात, पंख अंगाशी मिटवतात आणि त्याला पाठीवर उताणे निजवतात. डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस दिसतो. पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. असे पक्षी कपाटाच्या खणांत ओळीने पडलेले असतात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. पाहून कोणाही मुलाची निराशाच व्हावी. पण कातडे आणि ती चिठ्ठी मिळूनच नमुना होतो. दोरा तुटून चिठ्ठी हरवली तर उरते ती केवळ पिसे.

ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शिक्षकांना पटवायला खानदेशातल्या एका पक्ष्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

रानपिंगळा हा आपल्या नेहमीच्या पिंगळ्याचा रानातला भाईबंद. पाठीवर, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पायांवर दाट पांढरी पिसे, चोच आणि नख्या दणकट. १८७२ साली मध्य भारताच्या पूर्व भागात ब्लेविट या अधिकाऱ्याला तो प्रथम मिळाला आणि पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचेच नाव दिले. (हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात येतात. त्यांनी ऐंशी हजारांच्या घरात पक्षी आणि अंडी जमवली होती. सिमल्याच्या घरातली त्यांची पक्ष्यांवरील हस्तलिखिते नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. त्यानंतर १८८५ मध्ये त्यांनी तो सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.) त्यानंतर १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात रानपिंगळ्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर काहीच नाही. एकोणिसाव्या शतकातले सात नमुने, बस्स. पक्षी गेला असे लोक म्हणू लागले.

मात्र एक नोंद त्यानंतरची होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचे एक कातडे होते आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते : तापीकाठचे मांडवी, गुजरात, ऑक्टोबर १९१४. माइनर्ट्झहागेन हे पक्षिशास्त्रातले मोठे नाव. त्यांचा वीस हजारांवर कातड्यांचा संग्रह १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाला होता. तेव्हा ही नोंद सर्वांनी धरून चालली. पुस्तकांत नकाशे काढले गेले, शोध घेणारे त्या दिशेने गेले आणि हात हलवत परत आले.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर पुस्तक तयार करत होत्या. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी हे कातडे पुन्हा काढून तपासले. प्रत्येक संग्राहकाची कातडे तयार करण्याची एक ढब असते. टाका कसा घालतो, कापूस कसा भरतो, पंखाचे हाड कुठे तोडतो. बाईच्या हातची पोळी ओळखावी तशी ती ओळखता येते. या कातड्यावर जुने टाके उसवून, भरण काढून, पुन्हा शिवल्याच्या खुणा होत्या. त्याखाली जी ढब दिसत होती ती माइनर्ट्झहागेनची नव्हती, डेव्हिडसनची होती. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला, ब्रिटिश म्युझियममध्ये पोचलेला एक नमुना या गृहस्थांनी तिथून उचलला, नव्याने शिवला आणि खोटी चिठ्ठी बांधून आपला म्हणून परत केला. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या संग्रहातले इतरही नमुने असेच संशयास्पद निघाले आहेत.

मांडवीची नोंद खोटी ठरताच नकाशा बदलला. उरली ती सात खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पालथी घातली, तिथे काही सापडले नाही. मग ते डेव्हिडसनच्या मुलखात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या टेकड्यांत, निष्पर्ण झाडावर, दिवसाउजेडी रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. त्यानंतर मेळघाटात, तोरणमाळच्या भागात आणि आता तानसाच्या जंगलापर्यंत हा पक्षी आढळला आहे.

ही कथा मी वर्गात सांगतो तेव्हा मुले पक्षी सापडल्यावर टाळ्या वाजवतात. मला मात्र टाळी शिवणीच्या जागी हवी असते. पक्षी रानात सापडला खरा, पण त्याचा पत्ता आधी कपाटाच्या खणात सापडला होता. शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी तारीख आणि गाव नीट लिहून ठेवले होते, कोणी तरी तो दोरा तुटू दिला नव्हता. आणि खोटी चिठ्ठी ही चिठ्ठी नसण्याहून वाईट, हेही त्यातच आले. चिठ्ठी नसती तर लोकांनी नमुना बाजूला ठेवला असता. खोट्या चिठ्ठीने त्यांना कित्येक दशके चुकीच्या जंगलात पाठवले.

ज्यांनी कातडी आणि अंडी जमवली त्यांना स्वतःला या वस्तूंचा पुढचा उपयोग ठाऊक नसतो, ही यातली मौजेची बाजू. इंग्लंडमध्ये अंडी गोळा करण्याचा छंद होता. छंद तसा क्रूरच, पुढे कायद्याने बंद झाला. पण १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ याने बहिरी ससाण्याची जुनी आणि नवी अंडी तोलून पाहिली. १९४७ च्या आसपासपासून कवचाचे वजन एकाएकी उतरले होते, जवळजवळ पाचव्या हिश्शाने. पातळ कवचाची अंडी घरट्यातच फुटत होती. डीडीटीसारख्या कीटकनाशकांवर बोट ठेवता आले ते जुन्या अंड्यांमुळे. त्या छांदिष्टांना डीडीटी हे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते.

आता मुंबईकडे परत येऊ, कारण माझी मुख्य तक्रार इथल्या रचनेबद्दल आहे. बीएनएचएसची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ ची. आठ जणांनी मिळून ती केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. पहिल्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाल्या. पुढे १९११ ते १९२३ या काळात सोसायटीने सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी केली. तिचा पहिलाच अहवाल खानदेशाचा आहे, हे मला कळले तेव्हा धुळ्या-जळगावच्या किती शिक्षकांना ते माहीत असेल असा विचार मनात आला. दरम्यान १० जानेवारी १९२२ ला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांसाठी खुले झाले आणि त्यात सोसायटीच्या मदतीने प्राणिविभाग उभा राहिला. तेव्हापासून एक वाटणी पडली. दिसायला देखणे ते म्युझियमच्या काचेमागे आणि अभ्यासाचे ते सोसायटीच्या कपाटात. आज सोसायटीचे हॉर्नबिल हाउस म्युझियमच्या आवाराला लागूनच आहे. तिथल्या संग्रहात लाखाच्या वर नमुने आहेत : पक्षी, सस्तन प्राणी, सरपटणारे, बेडूक, कीटक. रीतसर अर्ज करणाऱ्या संशोधकाला ते पाहता येतात.

ही वाटणी व्यवस्थेच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. अभ्यासाची कातडी उजेडात ठेवली की रंग उडतात, कसर लागते, शेकडो मुलांच्या वर्दळीत ती टिकणार नाहीत. पण शिक्षणाच्या दृष्टीने तिचा परिणाम वाईट झाला. दर वर्षी हजारो मुले देखावे पाहून बाहेर पडतात आणि शेजारच्या इमारतीत त्याच प्राण्यांचे दुसरे, अधिक बोलके रूप आहे याची त्यांना शंकाही येत नाही. ‘संग्रहालय’ या शब्दातला ‘संग्रह’ त्यांना कधी दिसतच नाही, दिसते ते प्रदर्शन. त्यामुळे मुलांना असे वाटते की ज्ञान तयार झालेले आहे, काचेमागे ठेवले आहे आणि आपले काम ते पाहून वहीत उतरवणे. कोणाला वाटेल की मी राईचा पर्वत करतो आहे. पण परत आल्यावर मुलांनी लिहिलेले सहलीचे निबंध वाचा. ‘तेथे अनेक प्राणी पाहिले. खूप मज्जा आली.’ याहून जास्त मी तरी क्वचितच वाचले आहे.

त्याच इमारतीच्या दुसऱ्या दालनात हाच धडा पुन्हा भेटतो, फक्त प्राण्यांऐवजी मातीत. सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती इथे आहेत. १९०९-१० मध्ये हेन्री कझेन्स यांनी तिथे उत्खनन केले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून त्या इथे आल्या. या मूर्ती सुंदर आहेतच, पण त्यांचे मोल त्या कुठल्या स्तूपातून निघाल्या याची नोंद झाली म्हणून वाढते. तशीच मूर्ती एखाद्या व्यापाऱ्याकडून, ठिकाण न सांगता आली असती, तर ती शोभेची वस्तू झाली असती. शैलीवरून तज्ज्ञ अंदाज करत बसले असते. निसर्ग आणि संस्कृती एकाच छपराखाली ठेवण्याचा खरा फायदा हाच आहे, आणि नेमका तोच कोणी मुलांना सांगत नाही. त्यांच्या दृष्टीने प्राणी हा विज्ञानाच्या सरांचा विषय आणि मूर्ती इतिहासाच्या बाईंचा.

या संग्रहांवर दोन आक्षेप नेहमी येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. एक, हे सारे प्राणी मारून जमवलेले आहेत. दुसरा, हे साहेबाच्या राज्यात जमले आणि त्यातला मोठा वाटा विलायतेला गेला. रानपिंगळ्याचे मूळ नमुने पाहायला आपल्या संशोधकाला परदेशी जावे लागते, ही गोष्ट सुखावणारी नाही. पहिल्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तसे गोळा करणे आता होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून तर आहे ते पुन्हा मिळणार नाही. १८८४ चा रानपिंगळा १८८४ मध्येच मिळाला असता. जो मेलाच आहे त्याची चिठ्ठी हरवू देणे म्हणजे त्याला फुकट मारण्यासारखे आहे.

आणि चिठ्ठ्या हरवतात. एका जुन्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी एकदा वरच्या फळीवरच्या बरण्या पाहिल्या. फॉर्मलिन निम्म्यावर उतरून पिवळे पडलेले, साप अर्धा बाहेर. एका बरणीवर इतकेच वाचता येत होते : ‘– – नदी, पूर ओसरल्यावर’. नदीचे नाव शाई ओघळून गेले होते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणी प्राध्यापक पुरानंतर नदीकाठी गेला, चिखलात उतरला, आणि आता तो साप कुठल्याही नदीचा नाही. “प्रॅक्टिकलला लागत नाही, टाकून द्यायचे आहे,” असे मला सांगण्यात आले. असा संग्रह जळायला आगही लागत नाही. आगी लागतात त्या मोठ्या ठिकाणी आणि वर्तमानपत्रात येतात : २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय जळाले, २ सप्टेंबर २०१८ ला रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय, ज्यात सुमारे दोन कोटी वस्तू होत्या आणि त्यातल्या बहुतेक गेल्या. फळीवरच्या बरणीची बातमी होत नाही.

मोठ्या संग्रहालयांनी बरेच चांगले केले आहे, हेही नोंदवले पाहिजे. मुंबईच्या संग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून गावोगावच्या शाळांपर्यंत जाते. २०१९ मध्ये आवारात मुलांसाठी वेगळे संग्रहालयही सुरू झाले. माझे मागणे त्याहून लहान आहे. देखाव्यांच्या दालनात एक खण मांडावा, कमी उजेडात, हवे तर झाकणाखाली. एकाच जातीचे दहा पक्षी उताणे निजवलेले, प्रत्येकाची चिठ्ठी वाचता येईल अशी. शेजारी पाटीवर वर्णन न लिहिता एकच प्रश्न लिहावा : हे दहाही एकसारखे आहेत का? मुले वाकून पाहतील. एक म्हणेल याची चोच लांब आहे, दुसरी म्हणेल हा कोकणातला आहे आणि तो विदर्भातला. जे काम संशोधक करतात तेच ती करू लागतील, आणि रांग थोडी तुंबेल.

तोवर आपल्या हातात काय आहे? पक्ष्यांची पिसे, अंडी, कातडी शाळेत जमवायला जाऊ नये, कायद्यात ते बसत नाही. पण बिया आहेत, दगड आहेत, पडलेली पाने आहेत, आजीच्या घरातली पायली आणि अडकित्ता आहे. मी आठवीच्या वर्गात एक रिकामा खोका ठेवला आणि नियम एकच केला : ठिकाण, तारीख आणि आणणाऱ्याचे नाव नसेल तर वस्तू आत जाणार नाही. पहिल्या आठवड्यात खोका जवळजवळ रिकामा राहिला. ‘सापडला’ एवढेच लिहिलेला एक सुंदर गारगोटीचा दगड मला परत करावा लागला आणि आणणारा मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो दगड चिठ्ठीसह आला. त्यावर त्याने विहिरीचे नाव, खोली आणि ‘काकांनी विहीर खणताना’ असे लिहिले होते.

मोठ्या मुलांसाठी एक खजिना आता घरबसल्या मिळतो. बीएनएचएसच्या नियतकालिकाचे १८८६ पासूनचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, त्यांत सस्तन प्राण्यांच्या पाहणीचे अहवालही आहेत. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, पण बराचसा मजकूर नावे, गावे आणि आकडे असाच आहे. शहादा, चोपडा, यावलच्या एखाद्या शाळेत अकरावीच्या मुलांनी खानदेशाचा तो पहिला अहवाल समोर ठेवावा, त्यातल्या प्राण्यांची यादी काढावी आणि गावातल्या सत्तरीच्या माणसांकडे जाऊन एकेक नाव विचारावे : हा तुम्ही पाहिला आहे का, शेवटचा कधी, कुठल्या शिवारात? उत्तरे तारीख घालून वहीत लिहावीत. सांगणाऱ्याचे नावही घालावे.